तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन इंजिन टाकून मोकळे का होत नाही?

हा प्रश्न नातेवाईक विचारतात, पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, आणि जहाजावरचे माझे जुने सोबतीही विचारतात, त्यांनी विचारलं की जरा जास्त लागतं कारण निदान त्यांना तरी कळायला हवं. म्हणजे सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून सिएटलच्या धक्क्यावर जायचं, एका लाकडी मच्छीमार बोटीच्या इंजिनरूममध्ये उतरायचं आणि नव्वदी ओलांडलेल्या सहा सिलिंडरच्या डिझेलला तेल घालत बसायचं, हे कशासाठी? तेवढ्याच ताकदीचं नवं इंजिन एका पॅलेटवर मावतं, बटण दाबलं की सुरू. दरवेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहितो.

इंजिन ॲटलस इम्पीरियल कंपनीचं, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचं. १९२० आणि ३०च्या दशकांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमार बोटी आणि टग (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटी) यांच्यात हीच इंजिनं असायची, नाहीतर सिएटलच्या वॉशिंग्टन आयर्न वर्क्सची, एंटरप्राइजची, फेअरबँक्स मोर्सची. सगळ्यांची घडण साधारण एकच, जाड बीड, लांब स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) आणि स्पीड अगदी कमी, म्हणजे फुल अहेडला, पूर्ण ताकदीने पुढे जाताना, तीनशे-चारशे आरपीएमच्या आसपास. विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन ज्यांनी ऐकलंय त्यांना हा आवाज लगेच ओळखू येईल, प्रत्येक ठोका सुटा मोजता येतो.

आता मुद्द्याचं. हे इंजिन दुरुस्त होण्यासाठीच बनवलेलं आहे, आणि तेही बोटीतच, जो चालवतो त्याच्याच हातून, एंजिन बाहेर न काढता. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण ते म्हणजे काय ते दाखवायला पाहिजे.

क्रँककेसला, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या खालच्या पेटीला, बाजूने दरवाजे आहेत. दरवाजा उघडला, दिवा आत धरला की क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक, बेअरिंग, सगळं समोर. बेअरिंगचे दोन अर्धे भाग, आतून व्हाइट मेटल, म्हणजे मऊ मिश्रधातूचं अस्तर, आणि दोन भागांच्या मध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या, शिम. व्हाइट मेटल झिजलं की मधे शिशाची तार ठेवायची, बोल्ट पूर्ण आवळायचे, परत सोडायचे, चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजायची, की किती जागा झालीये ते कळतं. जास्त असेल तर दोन्ही बाजूची एकेक शिम काढायची आणि परत बसवायचं. बस. झीज होणारच हे ज्याने डिझाइन केलं त्याने आधीच धरलंय आणि त्याची सोय तुमच्या हाताशी ठेवलीये. सगळ्या शिम संपल्या, की व्हाइट मेटल नव्याने ओतायचं, ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून कुठे टेकतंय ते बघत हाताने स्क्रेप करायचं, खरवडायचं. वेळखाऊ काम आहे पण त्यात असं काही नाही जे फक्त कंपनीलाच जमेल. आजच्या छोट्या इंजिनात बेअरिंग शेल फेकून नवं टाकतात, ते सोपं आहे हे मान्य, पण ते शेल मिळायचं बंद झालं की?

(दरवाज्यांवरून एक सांगायलाच हवं. इंजिन बंद केल्या केल्या हे दरवाजे उघडायचे नाहीत. आत तापलेल्या तेलाची वाफ असते, हवा मिळाली की स्फोट होऊ शकतो. १९४७ साली बेलफास्टजवळ रेना डेल पॅसिफिको जहाजावर क्रँककेस स्फोटात २८ माणसं गेली. थांबायचं म्हणजे थांबायचं, कितीही घाई असली तरी.)

सुरू करणं हा अजून एक प्रकार. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, कॉम्प्रेस्ड हवेवर सुरू होतं. आधी सिलिंडरवरचे सगळे कॉक, म्हणजे छोटे नळ, उघडायचे, फ्लायव्हीलच्या भोकात लोखंडी बार घालून इंजिन हाताने फिरवायचं (याला बारिंग म्हणतात), आणि कॉकमधून पाणी येतंय का बघायचं, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना हवा दिलीत तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तडकेल किंवा रॉड वाकेल. मग लुब्रिकेटरचा दांडा हाताने फिरवून सिलिंडरना तेल, रॉकरना (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) ऑइलकॅनने तेल, कॉक बंद, आणि मग हवा. गिअरबॉक्स नाहीच. मागे जायचं तर इंजिन थांबवायचं, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांचा, म्हणजे कॅमचा, दांडा) लांबीत सरकवायचा म्हणजे अस्टर्नचे, मागे जाण्याचे, कॅम व्हॉल्व्हच्या दांड्यांखाली येतात, आणि परत हवा देऊन उलटं सुरू करायचं. प्रत्येक वेळी टाकीतली हवा खर्च होते, त्यामुळे धक्क्याला लावताना वर बोट चालवणाऱ्या माणसाने उगाच पुढे-मागे करत बसायचं नसतं, हवा संपली तर बोट तशीच जाऊन आदळेल. जहाजावर काम केलेल्या कुणालाही हे वाचून ओळखीचं वाटेल, आजही मोठ्या जहाजांची मेन इंजिनं हवेवरच सुरू होतात आणि उलटी फिरवूनच मागे जातात.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे गाड्यांच्या मागे सीआरडीआय लिहिलेलं असतं ना, कॉमन रेल, जणू आत्ताचा शोध. ॲटलसमध्ये कॉमन रेलच आहे! एकच पंप, एका पाइपमध्ये कायम दाबाखाली डिझेल, आणि प्रत्येक सिलिंडरचा स्प्रे व्हॉल्व्ह कॅम उघडतो, कंप्युटरच्या जागी पुशरॉड, साधा ढकलदांडा. एखाद्या सिलिंडरचं एक्झॉस्ट टेंपरेचर वर गेलं तर चालू इंजिनावर त्याच्यापुरतं ॲडजस्ट करता येतं. हे सगळं बाहेर दिसतं, हलताना दिसतं, नवीन पोराला बोटाने दाखवून शिकवता येतं, मला लॅपटॉप जोडून एरर कोड दाखवण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं वाटतं.

मग ही इंजिनं गेली कशी? वाईट होती म्हणून नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी सरप्लसमधली, म्हणजे युद्धातून उरलेली, हलकी, जास्त स्पीडची जीएम (जनरल मोटर्स) डिझेल इंजिनं स्वस्तात मिळायला लागली, रिव्हर्स गिअरसकट, आणि इंजिनरूममध्ये वेगळा माणूस ठेवायची गरज उरली नाही. मच्छीमाराने पगार वाचवला, त्यात त्याचं काहीच चुकलं नाही.

ज्यांना बघायचंय त्यांनी सिएटलमध्ये आर्थर फॉस बघा. १८८९ची लाकडी टग, आधी वाफेवर चालायची, १९३४ मध्ये तिच्यात वॉशिंग्टन आयर्न वर्क्सचं सहा सिलिंडरचं ७०० हॉर्सपॉवरचं डिझेल बसवलं. डिसेंबर १९४१ मध्ये पॅसिफिकमधल्या वेक बेटावर जपानी हल्ला झाला त्याच्या जेमतेम आधी ती तिथून बाहेर पडली, याच इंजिनावर. १९७० मध्ये एका संस्थेला दान मिळाली म्हणून वाचली. कोपनहेगनला गेलात तर डिझेलहाउस म्युझियममध्ये बी अँड डब्ल्यू (बर्माइस्टर अँड वेन) या डॅनिश कंपनीचं १९३२चं इंजिन आहे, २२,५०० हॉर्सपॉवर, कित्येक वर्षं जगातलं सगळ्यात मोठं डिझेल होतं, आणि ते अजूनही लोकांसमोर सुरू करून दाखवतात.

सुरू करून दाखवतात हे महत्त्वाचं. नुसतं रंगवून ठेवलेलं इंजिन आतून गंजतं, रिंगा चिकटतात, व्हॉल्व्ह अडकतात. आणि नुसतं धक्क्याला बांधून आयडलवर चालवणंही बरं नाही, थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, कार्बन धरतो. त्याला लोड हवा, म्हणजे बोट बाहेर काढायला हवी. धुराबद्दल विचारणारे असतात, त्यांना सांगतो की नीट ॲडजस्ट केलेलं, तापलेलं इंजिन लोडवर जवळजवळ धूर करत नाही, आणि करत असेल तर कुठल्या सिलिंडरचा ते शोधायचं असतं.

पार्ट मिळत नाहीत हे खरं. जुना तडकलेला हेड मिळाला तर त्यावरून लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करून फाउंड्रीत नवा ओतून घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना यात नवल वाटणार नाही, पण इकडे पॅटर्न करणारी माणसं म्हातारी झालीत आणि जो मला स्क्रेपर धरायला शिकवतो त्यानेही सत्तरी ओलांडलीये.

तर नवीन इंजिन का नाही? तुमची बोट रोज मासेमारीला जात असेल, घर त्यावर चालत असेल, तर खुशाल नवं टाका, मीच येऊन बसवायला मदत करीन. पण या बोटीचं इंजिन काढायचं म्हणजे वरचं डेकहाउस कापायचं, आणि एवढं वजन गेल्यावर ती पाण्यात पूर्वीसारखी बसणार नाही, ती याच वजनासाठी बांधलेली आहे. आणि काढलेलं इंजिन कुठे जातं ते मी बघितलंय, भंगारात, किलोवर. पुढच्यांदा याल तेव्हा जुने कपडे घालून या, बारिंगला दोन माणसं लागतातच.