दोल्गोपोलोव्हची सर्व्हिस

आज दुपारभर युक्रेनचा टेनिसपटू अलेक्सांद्र दोल्गोपोलोव्हचे जुने सामने बघितले. त्याच्या सर्व्हिसचा व्हिडिओ हळू करून बघाच. चेंडू फार वर जातच नाही. बहुतेक खेळाडू चेंडू उंच फेकून तो खाली येण्याची वाट बघतात, हा जेमतेम वर पोचताच हाणतो. फायदा दुहेरी: वाऱ्याला चेंडू हलवायला वेळ मिळत नाही आणि समोरच्याला अंदाज बांधायला. तोटा असा की फेक जराशी चुकली तर सावरायला सवडच नाही, सगळा खेळ लयीवर. लय बसली की २०११ला मेलबर्नमध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनला, त्सोंगा आणि चौथा मानांकित सोडरलिंग, दोघेही पाच सेटांत गारद. २०१४ला अमेरिकेतल्या इंडियन वेल्स स्पर्धेत नदालही हरला, ६-३, ३-६, ७-६. बिघडली की कुणाशीही हरणार!

क्रमवारीत १३ पर्यंतच पोचला. त्यात गिल्बर्ट सिंड्रोम, म्हणजे यकृताशी संबंधित आनुवंशिक त्रास. थकवा लवकर यायचा. पण कारकीर्द संपवली ती मनगटाने. शस्त्रक्रिया होऊनही ते पूर्ववत झालं नाही. शेवटचा सामना मे २०१८, रोम, जोकोविचविरुद्ध. निवृत्ती जाहीर केली थेट २०२१ला. युद्ध पेटल्यावर गडी मायदेशी सैन्यात दाखल झाला.