गाणं मध्येच थांबवलं ती रात्र

सिडनीत मोठ्या संगीत कार्यक्रमांत मी बॅरिअरवर, म्हणजे स्टेज आणि गर्दीमधल्या कठड्यावर, काम करतो. स्टेजकडे पाठ, गर्दीकडे तोंड. त्या दिवशी दारं उघडण्याआधी आमच्या प्रमुखाने नव्या पोरांना एक जुना व्हिडिओ दाखवला. २६ जानेवारी २००१, इथलाच 'बिग डे आउट' महोत्सव, स्टेजवर 'ॲट द ड्राइव्ह-इन'. कॉलेजात असल्यापासून हा बँड माझा जीव की प्राण, त्यामुळे पुढचं सांगायला मीच उभा राहिलो.

ही पोरं टेक्सासच्या एल पासोची. नदी ओलांडली की मेक्सिकोचं हुआरेझ. १९९४ पासून व्हॅनमध्ये सामान कोंबून गावोगाव फिरले, जागा मिळेल तिथे वाजवलं. सप्टेंबर २००० मध्ये 'रिलेशनशिप ऑफ कमांड' हा अल्बम आला आणि सगळं पालटलं. त्यातलं एक गाणं हुआरेझमध्ये खून झालेल्या बायकांवर आहे. ते आजही मला सलग ऐकवत नाही. अंगावर धावून येणारं संगीत, पण समोरच्यांनी एकमेकांना धडका मारलेल्या मात्र त्यांना खपायच्या नाहीत. त्यात चिरडतात ती लहान चणीची माणसं, हे त्यांना कळत होतं.

सिडनीत त्यांचा गायक सेड्रिक बिक्सलरने धडकाधडकी थांबवायला सांगितलं. कुणी ऐकेना. मग त्याने गर्दीला मेंढरं म्हटलं, माइकवर बें-बें केलं, आणि दहाएक मिनिटांत बँड निघून गेला. त्याच रात्री लिंप बिझकिट या दुसऱ्या बँडच्या वेळी एक किशोरवयीन मुलगी गर्दीत चेंगरली आणि काही दिवसांनी हॉस्पिटलात दगावली. पुढच्या वर्षांत स्टेजसमोर डी-बॅरिअर आलं: पुढचा भाग वेगळा, आत मोजकीच माणसं.

२००१ च्या मार्चमध्ये 'ॲट द ड्राइव्ह-इन'ही थांबला, युरोपचा दौरा अर्धा टाकून. सेड्रिक आणि गिटारिस्ट ओमार रॉड्रिगेझ-लोपेझ यांनी 'द मार्स व्होल्टा' हा बँड काढला, उरलेल्या तिघांनी 'स्पार्टा'. लोक अहंकाराला दोष देतात. मला ते पटत नाही. विसावा नसलेले दौरे आणि दोन दिशांना ओढणारं संगीत, एवढ्यात कुठलीही पाच माणसं तुटतील. सिडनीत सेड्रिकचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण अपमान झालेली गर्दी मागे सरत नाही, हेही मी पोरांना ठासून सांगितलं.

आमच्या कार्यक्रमात रात्री दुसऱ्याच गाण्याला लोंढा पुढे आला. माझ्यासमोरच्या मुलीचे हात खाली अडकले होते, ओठ काळेनिळे पडत होते. गर्दीत माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. छातीच फुगत नाही, मग ओरडणार कुठून? मी ठरलेली खूण केली. प्रमुखाने ती स्टेज मॅनेजरला दिली आणि गायकाने ओळ अर्धी सोडली. मैदानातले दिवे लागले. "सगळे दोन पावलं मागे या. शेजारी कुणी पडलं असेल तर उचला." आवाज अगदी शांत. आणि गर्दी सरकली! तेवढ्या फटीतून आम्ही तिला बॅरिअरवरून ओढून घेतलं, तिच्यामागे आणखी काहींना.

कार्यक्रम संपल्यावर गायक घामेजलेलाच वैद्यकीय तंबूत आला. ती पाणी पीत बसली होती, भाऊ शेजारी. शेवटची गाणी हुकली म्हणून ती गायकाशीच भांडली. त्याने गिटार मागवलं.