आमची वाटचाल: हेड पोर्टिंगपासून इंजिनच्या मॉडेलपर्यंत

भोसरीतल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला दोनच कामं चालायची, मोटरसायकलच्या हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून सुधारणं) आणि व्हॉल्व्ह सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतो ती कड कापणं). फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या, टीम यायला लागल्या त्या रेस्ट्रिक्टर (इंजिनाची हवा मर्यादित करणारं अरुंद भोक) लेथवर टर्न करून घ्यायला. काम तासाभराचं, पण जाताना प्रत्येक जण विचारणार, "रनर किती लांब ठेवू?" रनर म्हणजे हवा व्हॉल्व्हपर्यंत नेणारी नळी. तिच्या लांबीचं उत्तर लेथवर मिळत नाही. म्हणून वन-डी सिम्युलेशन, म्हणजे इंजिनाचं संगणकावरचं मॉडेल, हाती घेतलं: जीटी-पॉवर, रिकार्डो वेव्ह या जातीची सॉफ्टवेअर, ज्यात नळ्यांमधल्या दाबाच्या लाटा क्रँकच्या अंशाअंशाला मोजल्या जातात. सॉफ्टवेअर शिकणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. पुढची सगळी खरेदी झाली ती मोजमापाच्या साधनांची.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन असतं. चाकणला बनतं, सुटे भाग पुण्यात सहज मिळतात आणि स्पर्धेच्या ७१० सीसीच्या मर्यादेत आरामात बसतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६०. नवीन ३९९ सीसीच्या इंजिनाचा बोअर तोच, पण स्ट्रोक ६४ आहे. इंटरनेटवरून आकडे उचलताना पोरं इथेच गफलत करतात.

स्पर्धेचा नियम असा, की हवा आधी थ्रॉटल बॉडीतून, मग २० मिमीच्या रेस्ट्रिक्टरमधून आणि मग इंजिनात जायची. पुण्याच्या हवेत या भोकातून सेकंदाला जास्तीत जास्त ६९ ग्रॅमच्या आसपास हवा जाऊ शकते, तीही भोक आदर्श असेल तर. सिलिंडर पूर्ण भरतोय असं धरलं, तर ९००० आरपीएमला या इंजिनाला लागते सरासरी ३१ ग्रॅम. हे बघून टीम निर्धास्त होते. पण सिंगल सिलिंडर दोन फेऱ्यांतली हवा एकाच सक्शन स्ट्रोकमध्ये ओढतो, म्हणजे त्या पाव वेळेत मागणी १२४ ग्रॅमवर जाते. भोक तिथे चोक होतं, म्हणजे त्यातून आणखी हवा जाऊच शकत नाही. रेस्ट्रिक्टर आणि रनरच्या मधला प्लेनम, म्हणजे हवेचा साठा ठेवणारा डबा, हा खड्डा भरून काढतो, म्हणून चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा सिंगलला प्लेनमचा आकार जास्त जाचतो. मोठा केला तर टॉप एंड (वरच्या आरपीएमची ताकद) सुधारतो, पण थ्रॉटल उघडल्यावर गाडी उशिरा जागी होते. स्थिर आरपीएमच्या रनमध्ये हा उशीर दिसतच नाही. त्यासाठी ट्रान्झियंट (बदलत्या थ्रॉटलचा) रन वेगळा लावावा लागतो.

मॉडेलमध्ये भरायचं ते आधी हातांनी मोजायचं. पहिलं, कम्बशन चेंबर. हेडवर ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवायची आणि ब्युरेटने केरोसिन सोडायचं. हेड गॅस्केटची जागा आणि पिस्टनच्या माथ्याचा आकार वेगळा धरायचा. कम्प्रेशन १२.६ असेल तर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) एकूण जागा ३२.२ सीसी. ती मोजताना ०.८ सीसीने जास्त भरली, तर मॉडेलमध्ये कम्प्रेशन १२.३ होऊन बसतं. बुडबुडा अडकला की उलटं, कम्प्रेशन फुगतं.

दुसरं, कॅम. क्रँकवर डिग्री डिस्क, व्हॉल्व्हवर डायल गेज, दर पाच अंशांना एक नोंद, आणि उघडताना-मिटताना दर दोन अंशांना. टॅपेट क्लिअरन्स (कॅम आणि व्हॉल्व्हमधली मोकळी फट) शून्य करून मोजलं आणि नंतर ती वजा करायला विसरलं की व्हॉल्व्ह मॉडेलमध्ये लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो. मग पॉवरचा माथा वरच्या आरपीएमला सरकतो आणि दोष रनरवर जातो.

तिसरं, फ्लो बेंच, म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजणारं यंत्र. २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर व्हॉल्व्हच्या प्रत्येक मिलिमीटर लिफ्टला (उघडण्याला) फ्लो घ्यायचा. तोंडाशी प्लॅस्टिसिनचा गोल ओठ लावला नाही तर हवा कडेवर फाटते आणि कोइफिशियंट (आदर्श प्रवाहाच्या किती पट हवा जाते तो आकडा) कमी येतो.

रनरची लांबी व्हॉल्व्ह सीटपर्यंत धरायची असते, त्यात हेडमधला पोर्टही आला. पोर्टच्या मध्यातून वाकवलेली तार घालून मोजा. मॉडेलमध्ये हिशोबासाठी पाडायचे नळ्यांचे तुकडे इनटेकला बोअरच्या ०.४ पट, म्हणजे ३६ मिमीच्या आसपास, आणि एक्झॉस्टला ०.५५ पट, ४९ मिमी. तुकडे याहून बारीक केले की संगणक रात्रभर चालतो आणि उत्तर जवळपास तेच येतं.

डिफॉल्ट आकडे फार छळतात. वातावरणाचा दाब १.०१३ बार तसाच राहिला तर पुण्यात पॉवर सहा-सात टक्के जास्त दिसते, कारण इथे तो ०.९५ च्या आसपास असतो. एक्झॉस्टच्या भिंतीचं तापमान ३०० केल्व्हिन ठेवलं तर आतला वायू नको तितका थंड होतो, लाट मंदावते आणि ट्यूनिंग खालच्या आरपीएमला दिसतं. रेस्ट्रिक्टरच्या डिफ्यूझरमध्ये (भोकानंतर रुंदावत जाणाऱ्या भागात) हवा भिंत सोडते, हे वन-डी मॉडेलला कळतच नाही. त्याला २० अंशांचा कोनही चालतो, प्रत्यक्षात एकूण सात-आठ अंशांपुढे गेलं की दाब परत मिळत नाही. म्हणून तिथला कोइफिशियंट सीएफडीतून (हवेच्या त्रिमितीय सिम्युलेशनमधून) किंवा बेंचवरून आणतो. प्लेनम मोठा असेल तर २५ सायकलला रन थांबवू नये. सलग सायकलमधला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत येऊ द्यावा.

सगळ्यात शेवटी घेतला डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र, आणि तो आधी घ्यायला हवा होता असं आता वाटतं. आधी स्टॉक इंजिन, स्टॉक एअरबॉक्स, रेस्ट्रिक्टरशिवाय. हवेचा प्रवाह जुळल्याशिवाय ज्वलनाला हात लावत नाही. हवा मोजतो इंजेक्टरच्या पल्सवरून आणि लॅम्ब्डावरून (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं माप). इथे एक सापळा आहे: पंपावरचं पेट्रोल आता ई-२० (२० टक्के इथेनॉल), त्याचं हवा-इंधन गुणोत्तर १४.७ नसून साधारण १३.५ आहे. जुना आकडा धरला तर हवा आठ-नऊ टक्के जास्त निघते. हवा जुळली की ५० टक्के ज्वलन टीडीसीनंतर ८ ते १० अंशांवर ठेवतो. घर्षणाचा आकडा ओढून डायनोचा आलेख जुळवणं म्हणजे मापात पाप. रेस्ट्रिक्टर बसवला की ते उघडं पडतं.

फॉर्म्युला भारत ही स्पर्धा जानेवारीत कोइम्बतूरला असते, त्यामुळे हेड ऑगस्टपर्यंत आलं तर प्लेनम आणि रनर दोन्हींचे स्वीप (वेगवेगळी मापं घालून केलेले रन) नीट होतात. हेडसोबत कॅम, शिम, गॅस्केट, थ्रॉटल बॉडी आणि एक्झॉस्टचा बेंड पाईप आणा. व्हॉल्व्ह काढलेले असतील तर कुठला कुठे होता, त्याच्या खुणा करून आणा.