अजून 13 मिनिटं बाकी

"दादा, पुन्हा गेलं ना जी सारं! आता काकाजीले काय सांगू?"

ऑपरेटर पोरीचा हा फोन मला महिनाभरात सहा-सात वेळा आला असेल. दिग्रसकडच्या आमच्या गावात शेतकऱ्यांच्या एका कंपनीसाठी सभासद नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म मी पीएचपीत, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका भाषेत, बनवून दिला; तो भरायची ही पोरगी. बनवायला दोन रविवार लागले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नडला तो आपोआप होणारा लॉगआउट.

फॉर्म दहा मिनिटांचाच. पण जमिनीचा आठ-अ उतारा हमखास घरी राहिलेला असतो. काकाजी तो आणायला जातात, वाटेत चहा होतो, कोणाच्या पऱ्हाटीची चौकशी होते. इकडे पीएचपीच्या सेशनची, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन चालू राहण्याची, मुदत मुळात 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं. बरं, तेही नेमकं नाही. मुदत संपलेल्या सेशनची झाडलोट पीएचपी आपल्या लहरीने करतं, त्यामुळे कधी अर्ध्या तासानेही सेशन जिवंत सापडायचं, कधी नाही. मी ऑपरेटर पोरीलाच म्हणालो, "तू काहीतरी चुकीचं दाबतेस." ते अजून खुपतं.

मग इशारा लावला. आधी साधा अलर्ट, म्हणजे पानावर उघडणारी सूचनेची चौकट, टाकला, तर तो उघडा असेपर्यंत मागचं पानच गोठायचं. तो काढून वरती पिवळी पट्टी आणली, उलटी गिनती दाखवणारी. माझ्या घरी झकास चालली. तिथून मात्र फोन येतच राहिले. तीन संध्याकाळी मी सर्व्हरच्या, म्हणजे फॉर्म जिथून चालतो त्या संगणकाच्या, नोंदी चाळल्या. काही सापडेना.

शेवटी तिच्या शेजारी जाऊन बसलो. चार वाजता लाईन गेली. तिने शांतपणे लॅपटॉप झाकला, बॅटरी वाचवायला! अर्ध्या तासाने लाईन आली, झाकण उघडलं, आणि माझी पट्टी म्हणते, "अजून 13 मिनिटं बाकी." लॅपटॉप झोपला की माझी गिनतीही झोपत होती, सर्व्हर जागाच. पोरगी त्या 13 मिनिटांवर भरवसा ठेवून टाईप करायची, सेव्ह दाबायची, आणि समोर लॉगिनचं पान. घरी तपासताना मी एकदाही झाकण लावलं नव्हतं, कारण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. टॅब बराच वेळ मागे पडला तरी घोळ होतोच: क्रोम ब्राउझरच्या 88व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून, अशा टॅबचे टायमर मिनिटाला एकदा इतके मंदावतात.

तेव्हा सेकंद मोजत बसू नका. मुदत कधी संपते ती वेळ साठवा, दर ठोक्याला घड्याळातून वजाबाकी करा, आणि पान पुन्हा समोर आलं की सर्व्हरला विचारा.

ते विचारणंही मला महागात पडलं. मी दर मिनिटाला विचारत होतो, आणि प्रत्येक विचारण्याने सेशनला नवी 24 मिनिटं मिळत होती. आठवडाभर एकही फोन नाही, मी खुशीत. मग एका सकाळी आदल्या दिवशीचं लॉगिन तसंच उघडं दिसलं, सभासदांच्या बँक खात्यांसकट. आता माणसाने शेवटचं काम कधी केलं ती वेळ मी सेशनमध्ये वेगळी लिहितो. नुसत्या चौकशीने ती हलत नाही. मुदतही तिच्यावरूनच ठरवतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: भरलेला मजकूर ब्राउझरमध्ये कच्चा साठवत जा, पण लॅपटॉप चार जणांचा असेल तर खाते क्रमांक त्यात नको. आणि सेशन गेलंच तर पान बदलू नका, फॉर्मवरच पासवर्डची चौकट उघडा.

वेबसाइट सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता यावी यासाठीच्या सुलभतेच्या जागतिक निकषांत मुदत वाढवायला किमान 20 सेकंद द्या असं आहे. मी दोन मिनिटं दिली. पट्टीवर आधी लिहिलं होतं, "आपले सत्र समाप्त होत आहे." तिने विचारलं, "कोणतं सत्र जी, शाळेचं?" आता तिथे आहे, "दोन मिनिटांत लॉगिन जाईल. काम चालू आहे का?" खाली एकच बटण, "हो, चालू आहे." परवा म्हणाली, त्याला आवाजही पाहिजे, कारण त्या वेळी ती झेरॉक्सपाशी असते.