बरगे काढल्यानंतरचे पाणी

जूनच्या पहिल्या पावसानंतर शिरोळ तालुक्यातील एका बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले गेले आणि उन्हाळाभर अडून राहिलेले पंचगंगेचे पाणी काळसर होऊन वाहू लागले, त्या सकाळी आम्ही पाण्यात विरघळलेले वायू मोजण्यासाठी नमुने घ्यायला काठावर होतो. मासे तोंड वर काढून तडफडत होते आणि मापकावर विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ शून्य दिसत होता. अशा वेळी बाटली तोंडोतोंड भरावी लागते, आत हवेचा एक बुडबुडाही चालत नाही. वर मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकून जिवाणूंचे काम तिथेच थांबवावे लागते.

पूर येण्याआधी मोटार वर काढायला आलेल्या एका शेतकऱ्याने विचारले, “मॅडम, आम्ही घातलेला युरिया ऊस खातोय, का ही नदी?” प्रश्न इतका नेमका होता की मी काम बाजूला ठेवून उत्तर दिले. पिकाने न उचललेला नत्र बराचसा नायट्रेट होऊन पाण्यात उतरतो. शेतातून थेट नायट्रस ऑक्साइड होऊन उडणारा वाटा हिशेबात साधारण १ टक्का धरला जातो, परंतु शंभर वर्षांच्या मापाने हा वायू तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो.

दुपारी कोल्हापुरात प्रयोगशाळेत हे नमुने वाघोटन खाडीच्या नमुन्यांबरोबर यंत्राला लावले. ही जोडी मुद्दाम निवडलेली आहे. गगनबावड्याच्या कड्यावर पडणारा पाऊस पूर्वेला वळला तर कुंभीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि तिथून पार बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला वळला तर वाघोटनमधून थोड्याच अंतरात विजयदुर्गाजवळ अरबी समुद्राला मिळतो. एका बाजूला ऊस, कारखाने आणि शहरांचे सांडपाणी, तर दुसऱ्या बाजूला जंगल, भातखाचरे आणि आंबा-काजूच्या बागा.

बंधाऱ्याच्या नमुन्यातील मिथेनची रेषा आलेखाच्या चौकटीबाहेर गेली. प्रमाणित वायू पुन्हा सोडून यंत्र तपासले आणि नमुना विरळ करून लावला, तरी निष्कर्ष तोच राहिला. खरे आश्चर्य मात्र नायट्रस ऑक्साइडचे होते. खतामुळे तो भरमसाट असेल अशी आमची सर्वांची अटकळ होती, प्रत्यक्षात तो अगदीच थोडा निघाला. ऑक्सिजन पूर्ण संपला की जिवाणू नायट्रेटचे थेट नायट्रोजन वायूपर्यंत विघटन करतात आणि वाटेत तयार झालेला नायट्रस ऑक्साइडही वापरून टाकतात. तो साठतो तो ऑक्सिजन कमी असलेल्या, पण संपून न गेलेल्या पाण्यात. म्हणजे सर्वांत घाण पाण्यातच हा वायू सर्वांत जास्त सापडेल, असे नाही.

खाडीचे चित्र निराळे होते. खारेपाटणकडच्या गोड्या पाण्यात मिथेन बऱ्यापैकी आढळले, मुखाकडे ते उतरत गेले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. ते मिळाले की गाळातील सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांचे खाद्य आधीच पळवतात. कांदळवनाच्या चिखलाला सडक्या अंड्याचा वास येतो तो त्यामुळेच. मात्र खारेपणाची ही कृपा मिथेनपुरतीच आहे. जमिनीवरून आलेला सेंद्रिय कार्बन कुजून कार्बन डायऑक्साइड होतच राहतो.

दोन ठिकाणांच्या बाटल्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही. प्रवाह, तापमान आणि भरती-ओहोटी यांचाही त्यात वाटा असतो. परंतु एक गोष्ट मला खटकते. खाडीचा वायूंचा हिशेब तिच्या मुखाशी बसून करण्याची पद्धत वाघोटनला कदाचित पुरेल, कृष्णेला मात्र पुरणार नाही. पंचगंगेतील कार्बन अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा ओलांडेपर्यंत काही गाळात रुततो आणि काही हवेत निघून जातो. आमच्या उसाने सोडलेला कार्बन त्रिभुज प्रदेशातील नोंदीत शोधणाऱ्याला तो फारसा सापडणार नाही, कारण त्यातील मिथेन शिरोळलाच उडालेले असते. म्हणून यापुढे बरगे निघण्याच्या आदल्या दिवशी एक आणि निघाल्यानंतर काही तासांनी एक, असे दोन नमुने प्रत्येक बंधाऱ्यावर घ्यायचे आम्ही ठरवले. त्यासाठी बरगे कधी काढणार हे पाटबंधारे खात्याकडून आगाऊ समजणे आवश्यक आहे, आणि तशी विनंती करणारे पत्र त्याच संध्याकाळी लिहिले.