आमची वाटचाल : काकवी, हायपो आणि जुना ब्रोमाइड कागद

कोल्हापुरात वडिलांनी सुरू केलेल्या फोटो स्टुडिओची डार्करूम डिजिटल छपाई आल्यावर बंद पडली, तेव्हा मुदत संपलेल्या ब्रोमाइड कागदाची, म्हणजे फोटो छापण्याच्या चांदीचे क्षार असलेल्या कागदाची, बरीच पाकिटे कपाटात तशीच राहिली होती. ती टाकून देणे माझ्या जिवावर आले. त्याच सुमारास बेल्जियमच्या पिएर कोर्दिए यांच्याविषयी वाचनात आले. १९५६ साली त्यांनी फोटोच्या कागदावर नेलपॉलिशने मजकूर लिहून तो कागद रसायनांत बुडवला आणि कॅमेरा, निगेटिव्ह, एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र) यांपैकी काहीही न वापरता चित्र घडवण्याची केमिग्राम ही पद्धत त्यातून पुढे आली.

या कामाला अंधार लागत नाही, हे वडिलांना पटवायला फार वेळ लागला, कारण त्यांची हयात लाल दिव्याखाली गेली होती. उजेड लागलेला कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, काळा होतो आणि आधी हायपोत, म्हणजे कागदावरचे न काळवंडलेले चांदीचे क्षार काढून टाकणाऱ्या द्रावणात, गेला तर पांढरा राहतो, एवढ्यावरच केमिग्राम उभा आहे. त्यासाठी कागदावर द्रावणात सावकाश सुटणारा थर द्यावा लागतो. मध आणि वार्निश वापरून पाहिल्यावर आम्ही आमच्याच भागातल्या काकवीवर स्थिरावलो. काकवी कडेने विरघळू लागली की उघडी पडलेली चिंचोळी पट्टी डेव्हलपरमध्ये काळी होते, मग कागद साध्या पाण्यातून काढून हायपोत घातला की पुढची पट्टी पांढरी राहते, आणि अशी दहा-पंधरा वेळा ये-जा झाल्यावर ओंडक्याच्या वलयांसारख्या रेषा उमटतात. गुऱ्हाळ बदलले की काकवीचा दाटपणा बदलतो आणि रेषांची जाडीही. म्हणून प्रत्येक डब्यावर गुऱ्हाळाचे नाव आणि तारीख लिहिलेली असते.

पहिली मोठी मागणी एका हॉटेलची होती. घाईत कागद पुरेसे धुतले गेले नाहीत आणि पावसाळा संपेपर्यंत चित्रांवर पिवळट डाग आले. चूक आमची होती. सर्व चित्रे नव्याने करून दिली, तरी ती पहिल्यासारखी झाली नाहीत, कारण केमिग्रामची दुसरी प्रत निघत नाही, आणि हे आता मागणी घेतानाच आम्ही सांगतो. तेव्हापासून फायबर कागद (प्लास्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) तासभर वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय आमच्याकडे वाळत पडत नाही.

वापरलेल्या हायपोत कागदावरची चांदी उतरलेली असते. तो गटारात न सोडता आम्ही स्टील वूलमधून जाऊ देतो; लोखंड द्रावणात जाते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात मागे राहते. गाळ साठला की हुपरीला चांदी गाळणाऱ्या कारागिराकडे जातो. हाती येणारी चांदी थोडीच असते, पण तिचे वजन वडील स्वतः वहीत लिहून ठेवतात.