फाहिदीतल्या गल्ल्या आणि आमचा जांभा

पितृपक्षात आमच्या धंद्याला आपोआप सुट्टी. लग्न नाही, बारसं नाही, दुकानाची पूजासुद्धा कोण काढत नाही. म्हणून खानापुरातल्या फोटो स्टुडिओला पंधरा दिवस कुलूप लावलं आणि आम्ही दोघं पोराकडं दुबईला गेलो. त्यानं बुर्ज खलिफा दाखवला, मॉल दाखवले. मी आपलं एकच विचारायचो, "अरे, तुमचं जुनं गाव कुठाय?"

ते खाडीच्या काठाला आहे. अल फाहिदी. जुनं नाव बस्तकिया, कारण इराणातल्या बस्तक भागातले व्यापारी १९व्या शतकाच्या शेवटी इथं येऊन राहिले. सकाळचं ऊन गाठायचं म्हणून पोरानं सहाच्या सुमाराला सोडलं. गाडीतून उतरलो, कॅमेरा डोळ्याला लावला, तर सगळं पांढरं. रात्रभर एसीच्या खोलीत, मग एसीच्या गाडीत गारठलेली लेन्स, आणि बाहेर खाडीची दमट हवा. पुसली की पुन्हा वाफ धरायची. आषाढात घाटात लग्नाची ऑर्डर करणारा माणूस मी, आणि वाळवंटात माझी लेन्स घामेजली! वीस मिनिटं गेली, आणि तीच उन्हाची चांगली वेळ होती. दुसऱ्या दिवशी रात्रीच बॅग गाडीच्या डिकीत ठेवली, काम झालं.

इथल्या गल्लीला सिक्का म्हणतात. दोन माणसं खांदा चोरून जातील एवढीच काही काही ठिकाणी, त्यामुळं एक तरी भिंत सावलीत असतेच. भिंती फिकट, वाळूच्या रंगाच्या, आणि कॅमेरा तिथंच फसतो. त्यातला उजेड मोजणारा मीटर त्यांना राखेसारख्या करून टाकतो. एक स्टॉप वाढवला, म्हणजे उजेड दुप्पट घेतला, तेव्हा कुठं भिंतीला भिंतीचा रंग आला. वर बघावं तर बऱ्याच घरांच्या डोक्यावर वाऱ्याचा मनोरा, त्याला बार्जील म्हणतात. चारी बाजूंनी उघडा, आत फुलीसारख्या आडव्या-उभ्या भिंती. वारा कुठूनही येवो, एका कप्प्यात अडकतो आणि खाली खोलीत उतरतो. एका घरात मनोऱ्याच्या बरोबर खाली उभा राहिलो. फोटो काढायच्या आधी शर्टाची कॉलर जरा मागं ओढली, कारण मानेवर खरंच वारा लागत होता.

एक गोष्ट मात्र खटकली. सगळं फार नीटनेटकं. १९८०च्या दशकात निम्मी वस्ती पाडली गेली, उरलेलीही पाडायची होती. तिथं राहणाऱ्या रेनर ऑटर नावाच्या इंग्रज आर्किटेक्टनं ती वाचवायला धडपड केली, १९८९ मध्ये युवराज चार्ल्स गल्ल्यांतून फिरून गेले, आणि ती वाचली. वाचली ते बरंच झालं. पण आता घरांत गॅलऱ्या, म्युझियम, कॉफीची दुकानं. दोरीवर एक लुगडं नाही, दारात एक चप्पल नाही. भिंतीचा गिलावा साखरपुड्याच्या स्टेजसारखा गुळगुळीत. असल्या फ्रेममध्ये माझं मन लागत नाही, माणूस पाहिजे. आणि तिथं न विचारता माणसाचा फोटो काढला तर कायद्यानं महागात पडतं.

तेवढ्यात झाडूवाला आला. तेलंगणातला, करीमनगरकडचा. मोडक्या हिंदीत विचारलं तर हो म्हणाला, झाडू भिंतीआड ठेवला, कॉलर सरळ केली आणि पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ उभा राहिला. तो एक फोटो त्याच्यासाठी, लगेच व्हॉट्सॲपवर पाठवला. दुसरा झाडू परत उचलताना काढला, तोही त्याला दाखवून. तो म्हणाला, हा घरी पाठवू नका.

एका कोपऱ्यात मात्र गिलाव्याशिवाय दगड उघडा होता. समुद्रातला प्रवाळाचा दगड. मी कॅमेरा खाली ठेवून आधी बोट फिरवलं. सगळी भोकं, कुठं चाळणीसारखी, कुठं मधमाशांच्या पोळ्यासारखी. रंग सोडला तर आमच्याकडचा तांबडा जांभा दगडच. त्या भिंतीचे मी चाळीस फोटो काढले. बायको सावलीत बसून म्हणाली, "दुबईला येऊन दगड!"

परत आल्यावर गल्लीतल्या गवंडीमामांना मोबाइलवर तोच फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सारला.

"जांभाच की ह्यो."

"समुद्रातला आहे, मामा."

"आणि मधी काय घातलंय? चुना दिसत न्हाई."

"जिप्सम."

"मग आमच्याकडं दोन पावसाळं बी निघायचं न्हाईत."

"तिकडं पाऊस नसतोच जवळजवळ."

मामा मोबाइल परत देत बाहेर बघू लागले. भाद्रपद संपला तरी सर थांबली नव्हती, समोरच्या कौलांवरून पाणी गळत होतं.

"मग छप्पर तरी कशाला घालत्यात?"